गाडी वळत नाही म्हणून



तीन-चार महिने इथे काही लिहिलं नाही. दोघातिघांनी मेल करून तब्येतीची चौकशी केली, त्यांचे आभार. तब्येत ठणठणीत आहे. मे ते ऑगस्ट २०२५ मी धाकट्याकडे वेल्सला होते आणि तिथे मी (हसू नका) एका रॅलीच्या गाडीची वही लिहीत होते. आज त्याबद्दलच सांगायचं आहे. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

माझ्या मुलाकडे १९७८ सालची फोर्ड एस्कॉर्ट आहे, मार्क टू. आमच्या जुन्या प्रीमियर पद्मिनीची ही परदेशात दिलेली बहीण म्हणावी अशी. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, मागे सरळ कणा आणि त्याखाली पाटे. ही मार्क टू १९७५ ते १९८० या काळात निघाली. त्याआधीची मार्क वन आणि ही, अशा दोघींनी मिळून ब्रिटनची आरएसी रॅली १९७२ ते १९७९ अशी सलग आठ वर्षं जिंकली. १९७९ मध्ये ब्यॉर्न वाल्डेगार्ड आणि १९८१ मध्ये अरी वातानेन जगज्जेते झाले, तेही एस्कॉर्ट चालवत. मग चारही चाकांना ताकद देणारी आउडी क्वाट्रो आली आणि हिचे दिवस संपले. पण तिकडे जुन्या गाड्यांच्या रॅली अजून होतात. वेल्सच्या जंगलातून लाकूड आणण्यासाठी केलेले खडीचे रस्ते आहेत, त्यांच्यावर. ही सगळी माहिती मला मुलाने दिली. इतिहास शिकवला ३४ वर्षं, पण या इतिहासात मी पहिलीच्या वर्गातली.

मुलगा गाडी चालवतो आणि सूनबाई शेजारी बसून पुढचं वळण कसं आहे ते वाचून सांगते. ऑक्टोबर २०२४ मध्ये एका रॅलीत एक उजवं वळण आलं, आणि गाडी वळलीच नाही. स्टेअरिंग पूर्ण उजवीकडे आणि गाडी मात्र नाकासमोर. डाव्या अंगाला तोडलेले ओंडके रचून ठेवले होते, त्यांना जाऊन आपटली. आपटली ती सूनबाईच्या बाजूने. कॉलरबोन मोडलं, दोन महिने हात गळ्यात. याहून वाईट काही झालं नाही ही देवाची कृपा आणि आतल्या लोखंडी पिंजऱ्याची.

त्यानंतर तिने आरडाओरडा केला नाही. "गाडी वळत नाही तोवर मी बसणार नाही," एवढंच म्हणाली. गाडी गॅरेजात पडून राहिली. दुरुस्त झाली, पण बाहेर निघाली नाही. दोघं एकमेकांशी नीट बोलत, पण गाडीचा विषय निघाला की घरातून एक जण उठून जाई. हे मला आमच्या नातीकडून फोनवर कळायचं. अकरा वर्षांची आहे, बातम्या चोख देते.

मी निघाले तेव्हा विहीणबाई मला भेटायला आल्या. पिशवीत लोणच्याच्या दोन बरण्या आणि डोळ्यांत पाणी. "तुमचं ऐकेल तो. ती गाडी विकायला लावा," म्हणाल्या. मी शब्द दिला. मलाही तेच वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

पहिले आठ दिवस मी विषय काढला नाही. मग एका दुपारी तो एकटाच गॅरेजात बसलेला दिसला, चहा घेऊन गेले. तो मोबाइलवर त्या अपघाताचाच व्हिडिओ बघत होता. गाडीत कॅमेरा असतो, त्याने घेतलेला. मी म्हटलं, मला दाखव. नको म्हणाला. मी बसून राहिले. शेवटी दाखवला.

चौदा-पंधरा सेकंदांचा असेल. सूनबाईचा आवाज, एका लयीत वाचणारा. मग त्याचे हात स्टेअरिंग उजवीकडे फिरवतात. काही होत नाही. आणखी फिरवतात. काही होत नाही. शेवटपर्यंत फिरवतात, आणि तिचं वाचन अर्ध्यावर थांबतं. पुढचं मी बघितलं नाही.

"विकून टाक" हे शब्द अगदी ओठांवर होते. पण तोंडून निघालं ते सवयीचं. वर्गात मुलाचं गणित चुकलं की आपण विचारतो तेच. म्हटलं, "तेव्हा पाय कुठे होता?"

बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "ब्रेकवर."

आता हे प्रकरण मला जसं समजलं तसं सांगते. माझं बी.ए. मराठीतून झालेलं, विज्ञान मॅट्रिकपुरतं, तेव्हा इंजिनिअर भाच्यांनी सांभाळून घ्यावं. गाडी वळताना पुढची टायरं घसरली आणि मागची घट्ट राहिली, तर गाडी हवी त्यापेक्षा कमी वळते, वळणाच्या बाहेर जाते. त्याला अंडरस्टिअर म्हणतात. उलट मागची घसरली तर शेपूट फिरते, तो ओव्हरस्टिअर. खडीवर मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला थोडी शेपूट फिरवणंच सोयीचं, कारण ते ॲक्सिलरेटरने सांभाळता येतं. पण नाक घसरायला लागलं की चालवणाऱ्याच्या हातात फारसं काही उरत नाही. आणि तेव्हा माणूस नेमकं उलट करतो, स्टेअरिंग आणखी फिरवतो. पकड सुटलेलं टायर आणखी तिरकं केलं तर जास्तच घसरतं. खरं तर तेव्हा स्टेअरिंग थोडं सोडायचं असतं. सांगायला सोपं, समोर ओंडके असताना अवघड.

दुसरी गोष्ट, टायरची पकड ही आमच्या पगारासारखी असते. ठरलेली. त्यातूनच ब्रेक, त्यातूनच वळण. सगळा पगार ब्रेकवर उधळला तर वळायला काही शिल्लक राहत नाही, आणि चाक पूर्ण थांबून घसरू लागलं तर ते कुठेही वळवा, गाडी सरळच जाणार.

मला एकदम यवतेश्वरचा घाट आठवला. आमच्या ह्यांनी १९९१ मध्ये जुनी पद्मिनी घेतली होती. मुलगा मोठा झाल्यावर त्याच घाटात तिच्यावर शिकला. हे शेजारी बसायचे, मी मागे. प्रत्येक वळणाला यांचं एकच वाक्य: ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. मी ते त्याला म्हणून दाखवलं. २०१९ मध्ये हे गेले, त्यानंतर आम्ही दोघांनी त्यांचं असं वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं असेल.

"आई, ते घाटासाठी बरोबर आहे," तो म्हणाला. "रॅलीत वळणात शिरताना ब्रेकवर थोडा पाय ठेवतातच. वजन पुढे येतं, पुढची चाकं जमिनीत रुततात, नाक आत जातं."

"मग थोडा ठेवला होतास की पुष्कळ?"

त्याला राग आला. उठून गेला. रात्री जेवताना मात्र म्हणाला, "गाडीतही दोष आहे. दोन्ही आहे. कुठलं किती, ते मला कळत नाही."

तेव्हा मी वहीचं सुचवलं. शंभर पानी वही, आणि प्रत्येक फेरीला रकाने: गाडीत काय बदललं, वेळ किती लागला, आणि नाक घसरलं ते कधी? वळणात शिरताना, मध्ये, की बाहेर पडताना? चाळीस पेपरांत एकच चूक दिसली तर मुलांना बोलण्याआधी आपण काय शिकवलं ते तपासायचं, हे मी नोकरीत शिकले. आणि एका वेळी एकच बदल. तो तर पुढच्या स्प्रिंगा, शॉकॲब्सॉर्बर, सगळं नवं मागवायला निघाला होता. किंमत मी विचारली आणि गप्प बसले.

जूनमध्ये आम्ही स्वीट लॅम्बला गेलो. मध्य वेल्समध्ये लँगरिगजवळ डोंगरात मेंढ्यांची मोठी जागा आहे, तिथे रॅलीच्या गाड्या भाड्याने रस्ता घेऊन तपासता येतात. बरोबर त्याचा ओळखीचा मेकॅनिक होता, सत्तरीचा, माझ्याच वयाचा म्हणा ना, एस्कॉर्टवर उभं आयुष्य गेलेला. नातीकडे स्टॉपवॉच, माझ्याकडे वही. सूनबाई घरी राहिली.

गाडी जशी होती तशी पहिल्या तीन फेऱ्या. २ मिनिटं १४ सेकंद, २:१५, २:१३. प्रत्येक फेरीनंतर तो खिडकीतून सांगे आणि मी लिही. तीन फेऱ्यांत "शिरताना" खाली ९ फुल्या, "मध्ये" खाली २, "बाहेर पडताना" खाली १. त्या फुल्या बघूनच म्हातारा हसला. स्प्रिंगांचा खर्च वाचला म्हणाला. शिरताना सगळं बिघडतंय म्हणजे दोष आधी ब्रेकमध्ये नाहीतर डिफरन्शियलमध्ये शोधायचा.

पण सगळ्यात स्वस्त बदल हवेचा, म्हणून तो आधी. पुढच्या टायरांत २८ पौंड हवा होती. ती २४ करून बघायचं ठरलं. कमी हवेने टायर पसरतं, खडीला जास्त धरतं. मी वहीत ठळक लिहिलं "२४" आणि वही म्हाताऱ्याच्या हातात दिली. त्याने हवा केली, फेरी झाली, मुलगा उतरला तो खूश. "आई, केवढा फरक! नाक ऐकायला लागलं." मी लिहिलं. मग नातीने सहज गेज लावला तर २८.

झालं होतं असं, की आपला ४ त्या बिचाऱ्याला त्यांचा आठ वाटला! आपला २ तर त्यांच्या दोनसारखाच. त्याने २८ वाचले. टायर तापून हवा २९ झाली होती, ती त्याने एक पौंड उतरवून इमानेइतबारे २८ केली. म्हणजे गाडीत काहीही बदललं नव्हतं. आणि मुलाला केवढा तरी फरक पडलेला!

म्हातारा इतका हसला की त्याला गाडीला टेकावं लागलं. मुलगा लाल झाला. पण मला वाटतं त्या दिवसाचं सगळ्यात मोलाचं पान तेच. त्यानंतर त्याने "बरं वाटतंय" म्हणणं सोडलं. कुठल्या वळणाला, कधी, नक्की काय, ते सांगायला लागला. नंतर खरोखरच २४ करून बघितली. वेळ २:१३, फुल्या जवळजवळ तेवढ्याच. आणि तिथले दगड टोकदार, एवढ्या कमी हवेत रिम चेपायची भीती. परत २८.

मग ब्रेक. या गाडीत पुढच्या आणि मागच्या ब्रेकला वेगवेगळे सिलिंडर असतात आणि पेडलमागे एक दांडा. तो फिरवला की पाय तेवढाच दाबून पुढे किती आणि मागे किती जोर जायचा ते बदलतं. हिचा जोर पुढे फार होता. डांबरी रस्त्याला ते चालतं. ब्रेक दाबल्यावर वजन खूप पुढे येतं, पुढची चाकं तो जोर सोसतात. खडीवर पकड कमी, गाडीही हळू थांबते, वजन तेवढं पुढे येत नाही, आणि पुढची चाकं आधी थांबून घसरतात. दांड्याला दोन आटे देऊन जोर मागे नेला. २:११, शिरताना ३ फुल्या. तीन आटे दिले तर गाडी भोवऱ्यासारखी फिरून उलट्या तोंडाने उभी राहिली. माझ्या हातातलं पेन पडलं. तो आतून अंगठा दाखवत होता. एक आटा परत.

त्यानंतर पुढच्या चाकांची नाकं किंचित बाहेर केली, दीड मिलिमीटर. गाडी वळणात चटकन शिरायला लागली पण सरळ रस्त्यावर वळवळ करायला लागली. वेळ २:१०. सगळे खूश. सकाळपेक्षा चार सेकंद!

मी म्हटलं, आता सगळं पहिल्यासारखं करा आणि एक फेरी मारा.

कोणालाच ते आवडलं नाही. दमले होते, पाऊस येऊ बघत होता. पण केलं. गाडी अगदी सकाळी होती तशी, आणि वेळ आला २:११.

मुलगा गाडीतून उतरलाच नाही, हेल्मेट मांडीवर घेऊन बसून राहिला. चारातले तीन सेकंद गाडीचे नव्हतेच. दिवसभर फेऱ्या मारून वरची सुटी खडी कडेला गेली होती, खालचा टणक रस्ता वर आला होता, आणि वळणं त्याला पाठ झाली होती. बदलांची कमाई अवघी एक सेकंद.

पण फुल्या बघा, मी म्हटलं. पहिल्यासारखी गाडी केल्याबरोबर शिरतानाच्या फुल्या ३ वरून परत ८. वेळ फसवतो, पण रस्ता तोच असताना नाक घसरणं परत आलं म्हणजे ब्रेकचा गुण खरा. तेव्हा तो उतरला. येताना गाडीत अचानक म्हणाला, "त्या दिवशी ब्रेक पुष्कळ होता. मी उशिरा दाबला आणि सोडलाच नाही." मी खिडकीतून मेंढ्या बघत राहिले. नात मागे झोपली होती.

पुढच्या आठवड्यात म्हाताऱ्याच्या गॅरेजात डिफरन्शियल उघडलं. वळणात बाहेरच्या चाकाला लांबचा पल्ला असतो, आतल्याला जवळचा. डिफरन्शियल दोघांना आपापल्या वेगाने फिरू देतं. पण खडीवर साधं डिफरन्शियल असेल तर एक चाक जागच्या जागी गरगरतं आणि सगळी ताकद त्यात वाया जाते. म्हणून रॅलीच्या गाडीत आत चकत्या दाबून बसवतात, त्या दोन्ही चाकांना थोडं बांधून ठेवतात. थोडं, हे महत्त्वाचं. पंधरा ऑगस्टच्या संचलनात रांग वळवताना आतल्या मुलाने जागच्या जागी पावलं टाकायची आणि बाहेरच्याने ढांगा. सगळ्यांनी सारखी पावलं टाकली की रांग सरळ जाऊन झेंड्याच्या कट्ट्याला भिडते (आमच्या शाळेत भिडली आहे). मागची दोन चाकं फार घट्ट बांधली की तीही गाडीला सरळच ढकलतात आणि पुढची चाकं बिचारी एकटी वळू बघतात.

किती घट्ट आहे ते मोजतात कसं, तर एक चाक जमिनीवर, दुसरं जॅकवर, गाडी न्यूट्रल, आणि वरचं चाक टॉर्कच्या पान्ह्याने फिरवायचं. किती जोराला हलतं ते बघायचं. आमचं ९० फूट-पौंडाला हललं. म्हाताऱ्याने चकत्यांचा दाब कमी करून ५० वर आणलं.

पुढे आडव्या दांड्याचं काम होतं. गाडी वळणात कलते तेव्हा दोन्ही बाजूंना जोडणारा हा दांडा तिला सावरतो, पण सावरताना आतल्या चाकावरचं वजन बाहेरच्या चाकावर टाकतो. आणि टायरवर वजन दुप्पट झालं म्हणून पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमीच वाढते. म्हणून पुढचा दांडा जितका कडक तितकी पुढच्या जोडीची एकूण पकड कमी. मी म्हटलं, मग काढूनच टाका. तर नाही. एस्कॉर्टमध्ये हाच दांडा पुढच्या चाकाच्या खालच्या हाताला जागेवर धरून ठेवतो. काढला तर चाकच पुढेमागे जाईल. म्हणून २४ मिलिमीटरचा होता तो २२ चा घ्यायचा. दोन मिलिमीटरने काय होणार असं मला वाटलं, पण मुलाने हिशेब मांडून दिला: कडकपणा जाडीच्या चौथ्या घातात बदलतो. २२ चा चौथा घात भागिले २४ चा चौथा घात. मी कागदावर केलं. जवळजवळ ३० टक्के कमी! चौऱ्याहत्तराव्या वर्षी चौथा घात उपयोगी पडला.

जुलैत परत स्वीट लॅम्ब. या वेळी सूनबाई आली. डबा घेऊन आले आहे म्हणाली. खरंच डबा होता, थालीपीठं आणि विहीणबाईंचं लोणचं. सकाळी नुसतं डिफरन्शियल सैल केलेलं, ब्रेकचे दोन आटे, आणि चाकांची नाकं बाहेर ठेवली ती निम्मीच, सरळ रस्त्यावर वळवळ नको म्हणून. तीन फेऱ्यांत शिरतानाची फुली १. दुपारी दांडा बदलला, त्यात तास-सव्वा तास गेला. मग "मध्ये" चा रकानाही कोरा. त्याची किंमत मोजावी लागलीच. बाहेर पडताना आतलं चाक थोडं गरगरतं आणि शेपूट लवकर सुटते. ते मला चालेल, म्हणाला. शेवटी गाडी पहिल्यासारखी करून फेरी मारायची आठवण या वेळी त्यानेच केली. डिफरन्शियल तिथे उघडता येत नाही, म्हणून दांडा आणि ब्रेकच तेवढे जुने केले. फुल्या परत आल्या. मग पुन्हा नवं बसवलं. म्हातारा तिकडच्या भाषेत काहीतरी पुटपुटत होता, ते मी विचारलं नाही.

आणि मग सूनबाईने थालीपीठाचा डबा बंद केला, पुसलेले हात परत पुसले आणि म्हणाली, "एकच फेरी."

कोणी काही बोललं नाही. नातीने तिचा पट्टा ओढून बघितला, दोनदा. गाडी गेली. त्या रस्त्यावर पाचवं वळण उजवं आहे, डोंगराआड, दिसत नाही. नुसता आवाज ऐकू येतो. इंजिनाचा आवाज खाली येतो, क्षणभर थांबल्यासारखा होतो आणि मग चढतो. नात स्टॉपवॉचकडे बघत होती, मी नातीकडे.

आल्या. वेळ २:१२, त्या दिवसातली संथ फेरी. मुलगा उतरून टायर बघायला गेला, टायरला काही झालेलं नसताना. सूनबाई माझ्याजवळ आली. मी वही उघडून बसले होते.

"आई, लिहा. पाचव्या वळणाला मी डोळे मिटले होते. त्यामुळे तिथलं मला सांगता येणार नाही. बाकी ठीक."

मी तसंच लिहिलं, शेऱ्याच्या रकान्यात.

ऑगस्टमध्ये परत आल्यावर विहीणबाईंना फोन केला. सांगितलं, मी शब्द पाळला नाही, गाडी विकायला सांगितलं नाही, उलट दांडा बदलायला मदत केली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग लोणचं टिकलं का विचारलं. टिकलं म्हटलं. माझ्यावर रागावल्या असतील तर तो राग योग्यच आहे, आणि विहीणबाई हा ब्लॉग वाचतात, तेव्हा इथेही तेच सांगते.

हिवाळ्याआधी एक लहानशी रॅली आहे, तिचा अर्ज मुलाने भरला आहे. शेजारी कोण बसणार ती ओळ अजून कोरी आहे. त्याने तिला विचारलेलं नाही, तिनेही काही म्हटलेलं नाही. वही तिथेच ठेवून आले. गेल्या रविवारी नातीने फोटो पाठवला, दोन नव्या फेऱ्यांचा. हवेचे आकडे आता ती इंग्रजीत लिहिते.